आधी वाट मोज, मग हॉटेल ठरव

चि.,
अनेक आशीर्वाद.

फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांचा तू केलेला तक्ता नीट पाहिला. पूलची घसरगुंडी, खोलीतली चित्रं, खाण्याच्या जागा, लॉबीचे फोटो, सगळं त्यात आहे. एकच रकाना नाही: खोलीच्या दारातून निघाल्यावर पार्कच्या फाटकाशी पोचायला तुम्हां पाच जणांना (तुम्ही दोघं, दोन मुलं आणि तुझी आई) किती वेळ लागेल. आणि खाली तू विचारतोस, "सगळी सारखीच वाटतात, ठरवू कसं?" सारखी वाटणारच. ज्या बाबतीत ती वेगळी आहेत, तेवढंच मोजायचं राहिलंय.

वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या मधल्या दराच्या, म्हणजे मॉडरेट वर्गात आज चारच हॉटेलं उरली आहेत: कॅरिबियन बीच (१९८८), पोर्ट ऑर्लीन्स फ्रेंच क्वार्टर (१९९१), पोर्ट ऑर्लीन्स रिव्हरसाइड (१९९२) आणि कोरोनाडो स्प्रिंग्ज (१९९७). जुन्या याद्यांत फोर्ट विल्डरनेसच्या केबिनही दिसतील, पण त्या आता व्हेकेशन क्लबकडे, म्हणजे डिस्नेच्या सदस्य-योजनेकडे गेल्या आहेत. तो रकाना खोडून टाक. चारही ठिकाणी खोली साधारण ३०० चौरस फुटांची. नेहमीच्या खोलीत दोन क्वीन पलंग, छोटा फ्रिज, आणि कॉफीचं यंत्र. मायक्रोवेव्ह खोलीत नसतो, फूड कोर्टात असतो. मोठा पूल आणि घसरगुंडी चारही ठिकाणी आहे. म्हणजे तुझ्या तक्त्यातले निम्मे रकाने इथेच संपले.

खरा फरक पसाऱ्यात आहे. ही हॉटेलं एका इमारतीत नाहीत. तळ्याच्या किंवा नदीच्या कडेनं बहुतेक दोन-तीन मजली इमारती विखुरलेल्या, मध्ये एक मुख्य इमारत, आणि फ्रेंच क्वार्टर सोडलं तर सगळ्याला वळसा घालत फिरणारी बस. एकाच हॉटेलात, एकाच दरात, एकाची खोली बसथांब्यासमोर असते आणि दुसरा बाबागाडी ढकलत दहा मिनिटं चालतो. म्हणून "कोणतं हॉटेल चांगलं" हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. हॉटेलातली कुठली इमारत, तिच्यापासून थांबा किती लांब, थांब्यावरून कुठल्या पार्कला काय जातं, हे विचार.

हिशेब मांडून दाखवते. पार्क सर्वांसाठी नऊला उघडतं असं धर. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना अर्धा तास आधी, साडेआठला आत घेतात, आणि त्याचा फायदा हवा असेल तर आठला फाटकाशी उभं असलं पाहिजे. तपासणी आणि थांब्यापासून फाटकापर्यंतची चाल दहा मिनिटं, बसचा प्रवास पंधरा, बसची वाट पाहणं वीस, खोलीपासून थांब्यापर्यंत दहा. झाली पंचावन्न. म्हणजे सात वाजून पाच मिनिटांनी दार ओढून घ्यायचं, आंघोळी आणि दूध उरकून. यातलं बसचं येणं-जाणं तुझ्या हातात नाही. चाल मात्र बुकिंग करतानाच बरीचशी ठरवता येते.

शिवाय ही चाल दिवसातून दोनदा होत नाही, चारदा होते. धाकट्याला दुपारी झोपवायला परत यायचं, संध्याकाळी पुन्हा निघायचं, रात्री पुन्हा यायचं. प्रत्येक वेळी आठ मिनिटं जास्त चाललात, तर दिवसाला बत्तीस मिनिटं, पाच दिवसांत दोन तास चाळीस मिनिटं. आणि त्यातली शेवटची खेप रात्री दहाला, खांद्यावर झोपलेलं मूल आणि शेजारी दुखऱ्या गुडघ्याची तुझी आई. खोलीतली चित्रं त्या वेळी कुणीही पाहत नाही.

आता एकेक घेऊ.

फ्रेंच क्वार्टर चौघांत सर्वांत लहान. १००८ खोल्या, तीन मजल्यांच्या इमारती, सगळ्यांना लिफ्ट, आणि पूर्ण हॉटेलाला एकच बसथांबा. कुठलीही खोली मिळाली तरी वाट फार लांबत नाही. बसून जेवायचं वेगळं रेस्टॉरंट नाही, फक्त फूड कोर्ट आहे. त्यानं तुमचं काही अडणार नाही, कारण शेजारचं रिव्हरसाइड नदीकाठानं चालत जाण्यासारखं आहे, आणि ही दोन हॉटेलं भावंडं असल्यानं एकमेकांचे पूलही वापरता येतात. अडचण एकच: खोली चौघांची.

रिव्हरसाइड त्याच्या दुप्पट, २०४८ खोल्या आणि चार थांबे. त्यात दोन भाग. मॅग्नोलिया बेंडच्या वाड्यांना लिफ्ट आहे, पण खोल्या चौघांच्या. अ‍ॅलिगेटर बायूच्या इमारती दोन मजली, लिफ्ट नाही, पण तिथल्या बऱ्याच खोल्यांत पाचव्यासाठी ओढून काढायचा छोटा पलंग असतो. तो लहान मुलापुरताच. तुझी आई त्यावर मावणार नाही, आणि "एक-दोन रात्री चालेल" असा विचारही करू नकोस.

कॅरिबियन बीच तळ्याभोवती पसरलंय. इमारती दोन मजली, तिथेही लिफ्ट नाही. पण स्कायलायनर नावाच्या रोपवेचं मुख्य स्थानक इथेच आहे. २०१९च्या सप्टेंबरात तो सुरू झाल्यापासून चार पार्कांपैकी एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला इथून थेट जाता येतं, आणि बाबागाडी न मिटता आत ढकलता येते (३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब, याहून मोठी चालत नाही). बसमध्ये ती मिटावीच लागते. एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात मिटलेली गाडी घेऊन भरल्या बसमध्ये उभं राहणं काय असतं, ते तिथे गेल्यावर कळेलच. जमैका हा भाग स्थानकाला जवळ आहे, बाकीचे काही भाग लांब. नाव एकच, दर जवळजवळ एकच, आणि सुट्टी मात्र दोन प्रकारची. मी हेच सांगत्येय: वाट मोज.

पण स्कायलायनरच्या नादानं हे हॉटेल लगेच ठरवू नकोस. तो मॅजिक किंगडमला जात नाही, अ‍ॅनिमल किंगडमलाही नाही. तिथे चारही हॉटेलांतून बसच. तुझी मुलं सहा आणि जवळजवळ तीन वर्षांची, म्हणजे लहानांना रमवणाऱ्या मॅजिक किंगडमचे दिवस जास्त असणार. आधी कागदावर लिही, कुठल्या पार्कला किती दिवस. पाचांतले तीन दिवस बसचेच निघाले, तर रोपवेसाठी वाढीव पैसे कशाला? वीज कडाडली किंवा वारा वाढला की तो थांबवतात, हेही ध्यानात ठेव.

कोरोनाडो स्प्रिंग्ज मुळात परिषदा भरवायचं हॉटेल. २०१९मध्ये तिथे ग्रॅन डेस्टिनो हा पंधरा मजली टॉवर झाला. लिफ्ट, लॉबी, खाणं एकाच छताखाली. आईच्या गुडघ्यासाठी उत्तम. पण पिरॅमिडचा मोठा पूल तळ्याच्या पलीकडे, टॉवरपासून लांब आहे, आणि तुझ्या थोरलीनं रोज तोच मागितला तर पुन्हा चालच. इथेही खोली चौघांची.

आता ज्या मुद्द्यावर तू घसरला आहेस तो सांगते. तीन वर्षांखालचं एक मूल पाळण्यात झोपत असेल तर ते खोलीच्या मोजणीत धरत नाहीत. पाळणा हॉटेल फुकट देतं, आणि तीनखालच्या मुलाला पार्कचं तिकीटही लागत नाही. या हिशेबानं तू फ्रेंच क्वार्टर पक्कं करायला निघाला होतास. पण धाकटा ऑक्टोबरात तीनचा होतोय आणि तुम्ही जाणार डिसेंबरात! त्या दिवशी तुम्ही पाच आहात. चौघांची खोली चालणार नाही, आणि त्याचं तिकीटही काढावं लागेल (३ ते ९ मुलांचं, १० पासून मोठ्यांचं). सहल सप्टेंबरात आणलीस तर दोन्ही वाचतं, पण उकाडा असतो, दुपारी पाऊस असतो, आणि वादळांचा मोसम जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतो. थोरलीची शाळाही बुडेल. मी डिसेंबरच धरला असता, नाताळचा आठवडा टाळून.

तेव्हा डिसेंबरात पाच जण आणि गुडघा, असं धरून दोनच जागा उरतात: अ‍ॅलिगेटर बायूत तळमजला, किंवा कॅरिबियन बीचला जमैकात तळमजला. छोट्या पलंगावर थोरली, एका क्वीनवर आई आणि धाकटा, दुसऱ्यावर तुम्ही दोघं. बुक करताना त्या खोलीपुढे पाच जण असं लिहिलंय ना ते पाहा, कारण कॅरिबियनला प्रत्येक खोली पाचांची नसते. मॅजिक किंगडमचे दिवस जास्त असतील तर रिव्हरसाइड, एपकॉट आणि स्टुडिओजचे जास्त असतील तर कॅरिबियन. व्हॅल्यू, म्हणजे स्वस्त वर्गातल्या आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन हॉटेलचे फॅमिली सूटही एकदा पाहा. सहा जणांची जागा, दोन न्हाणीघरं, आणि स्कायलायनर दारात. दर बहुधा मॉडरेटच्या वर जातो, पण एका न्हाणीघरापुढे सकाळी साडेसहाला पाच जण उभे राहण्यापेक्षा काहींना तो परवडतो.

पैशांचं थोडक्यात. दिसणाऱ्या दरावर १२.५ टक्के कर लागतो. रात्रीचे ३०० डॉलर धरले तर पाच रात्रींचे १५०० नव्हेत, १६८७.५०. दर दोन प्रौढांचा असतो, तिसऱ्यासाठी रोज जादा आकार पडतो, म्हणून चौकशीच्या वेळीच आईला मोज. वेगळी रिसॉर्ट फी नाही, गाडी ठेवायचे पैसे नाहीत. गाडी भाड्यानं घेतलीत तरी मॅजिक किंगडमला बसनंच जा. बस फाटकाजवळ सोडते, गाडी मात्र तिकीट सेंटरला लावून पुढे मोनोरेल किंवा बोट धरावी लागते.

आणि पाण्याकडे तोंड असलेल्या खोलीसाठी ज्यादा पैसे देऊ नकोस. ते पाणी तुम्ही अंधारात पाहणार. पैसे वाढवायचेच असतील तर 'प्रिफर्ड' खोलीला दे. ती मुख्य इमारतीजवळची असते. तिथे तुम्ही देखावा घेत नाही, अंतर विकत घेता, आणि मॉडरेट हॉटेलात विकत घेण्यासारखं तेवढंच आहे. रात्री उशिरापर्यंत पार्कात थांबायची खास सवलत डिलक्स, म्हणजे महागड्या हॉटेलवाल्यांनाच आहे, ती तुमच्या दरात धरू नकोस. लाइटनिंग लेन (पैसे भरून छोट्या रांगेतून जायची सोय) मात्र सात दिवस आधी, पूर्ण मुक्कामाची घेता येते.

मला लोक सांगतात, सुट्टीला घड्याळ कशाला लावतेस. मी लावते, आणि पुढेही लावणार. घड्याळ न लावणाऱ्या घरात चालण्याचा भार कुणी ना कुणी मुकाट्यानं उचलत असतं, आणि ते बहुतेक वेळा आई असते नाहीतर आजी. ती तक्रार करत नाही म्हणून तिचे पाय दुखत नाहीत असं नसतं. तुझ्या तक्त्यात तिचं नाव कुठेच नव्हतं, म्हणून मी एवढी चिडले. तुझ्यावर राग नाही. सगळ्यांना आनंद व्हावा म्हणून तू रात्र-रात्र जागतोयस, ते दिसतंय मला.

आता करायचं काय. हॉटेलचा नकाशा काढ, बसथांब्यांवर खुणा कर, आणि जवळच्या इमारतींचे क्रमांक टिपून ठेव. बुकिंग फक्त खोलीचं केलंस तर पाच दिवस आधीपर्यंत रद्द करून पैसे परत मिळतात. तिकिटांसह पॅकेज घेतलंस तर तीस दिवस आधीच हलावं लागतं. म्हणून तारखा डळमळीत असतील तोवर पॅकेज नको. मोठा पूल दुरुस्तीला बंद आहे का, इमारतींचं नूतनीकरण चालू आहे का, तेही विचार. ऑनलाइन चेक-इन करताना मागण्या दोनच लिही: तळमजला, आणि थांब्याजवळची इमारत. चार-पाच लिहिल्यास तर त्यातली कुठली पुरी करायची ते तिथला माणूस ठरवणार. मागणी म्हणजे हमी नव्हे, म्हणून खोलीचा क्रमांक आला की सामान उघडण्याआधी नकाशात बघ. लांबची निघाली तर तेव्हाच काउंटरवर जाऊन बोल. आणि आईला जिना चढवत नाही हे आज बुकिंग करतानाच फोनवर सांग, तिथे पोचल्यावर नको.