१२ जानेवारी: शाळेच्या फलकासाठी दिनविशेष कोणता लिहावा?

सोलापुरातल्या शाळेच्या फलकावर पहिली ओळ चार हुतात्म्यांची हवी. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी दिली. चारही नावे पूर्ण लिहा. 'धनशेट्टी व इतर' लिहिणं बरं नाही.

चुका होतात त्या सन आणि ठिकाणात. सगळं सविनय कायदेभंगाचं आंदोलन १९३० चं, म्हणून फाशीलाही तेच साल लावलं जातं. क्रम असा: मे १९३० च्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली, शहर पेटलं, ८ मे रोजी गोळीबार झाला. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली गेली, पोलीस मारले गेले. त्याच खटल्यात या चौघांना गोवलं. १२ मे पासून मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागला. या १२ मे आणि १२ जानेवारीची तर हमखास गल्लत होते. आणि फाशी सोलापुरात झाली नाही, चौघांचे पुतळे मात्र इथे, पार्क चौकाजवळ आहेत.

दुसरी ओळ राजमाता जिजाऊंची: १२ जानेवारी १५९८, सिंदखेडराजा. तिथीने ही जयंती पौष पौर्णिमेला येते, त्यामुळे 'तारखेप्रमाणे' हा शब्द घालाच.

विवेकानंद जयंतीही याच दिवशी (१८६३, कोलकाता), पण शीर्षक 'महाराष्ट्राचा इतिहास' असेल तर ती वेगळ्या चौकटीत घ्या.

फलक आदल्या दिवशीच लिहून ठेवा. गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेची धामधूम याच सुमारास असते आणि सकाळी घाईत नेमकं एखादं नाव राहून जातं.