यानातल्या तारांवर पहारा कोणाचा?

प्रश्न : शुभांशू शुक्ला अंतराळस्थानकावर होते तेव्हाचे व्हिडिओ संवाद आमच्या घरी सगळ्यांनी पाहिले. मी एका साखर कारखान्याचा संगणक विभाग सांभाळतो. नेटवर्कवर काय चाललंय ते बघायला आम्ही वायरशार्क लावतो. तिकडे स्थानकात हे काम कोण करतं? व्हायरस शिरला तर स्थानक बंद पडेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : व्हायरसचं आधी सांगते, कारण तो शिरलेला आहे. ऑगस्ट २००८मध्ये स्थानकावरच्या लॅपटॉपमध्ये ‘गॅमिमा’ नावाचा वर्म सापडल्याचं नासाने मान्य केलं. ऑनलाइन गेमचे पासवर्ड चोरायचे आणि पेनड्राइव्हसारख्या वस्तूंवरून पसरायचं, एवढाच त्याचा धंदा. जमिनीपासून चारशे किलोमीटरवर त्याला काय घबाड मिळणार होतं देव जाणे! ते लॅपटॉप ईमेल आणि आहाराच्या नोंदींसाठी होते. स्थानक चालवणाऱ्या यंत्रणेशी त्यांचा संबंध नव्हता, म्हणून निभावलं.

तुमच्या प्रश्नाची मेख इथेच आहे. स्थानकात एक नेटवर्क आपल्यासारखंच आहे : इथरनेट, वायफाय, लॅपटॉप, प्रिंटर. तिथे तुमचा वायरशार्क चालेल. पण वीज, तापमान, हवा आणि स्थानकाची दिशा सांभाळणारे संगणक बोलतात ते १५५३ नावाच्या बसवर, म्हणजे सगळ्या उपकरणांना जोडणाऱ्या एका सामायिक तारेवर. हे अमेरिकी लष्कराचं मानक, १९७०च्या दशकातलं, मुळात लढाऊ विमानांसाठी केलेलं. वेग सेकंदाला एक मेगाबिट. तुमच्या घरच्या राउटरला हसू येईल.

या बसशी माझी जुनी ओळख आहे. विमानातली उपकरणं तपासायच्या बाकावर मी बस मॉनिटर लावून बसायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१५५३चा कारभार शाळेतल्या हजेरीसारखा. बस कंट्रोलर हा मास्तर. तो नंबर पुकारतो आणि ज्याचा नंबर त्यानेच बोलायचं. एका बसवर जास्तीत जास्त एकतीस जण. उत्तर बारा मायक्रोसेकंदांच्या आत सुरू झालं पाहिजे. आपणहून तोंड उघडायची कोणालाच मुभा नाही. कोणाला, कधी, किती शब्द विचारायचे याचा तक्ता आधीच ठरलेला असतो. मॉनिटर या सगळ्यात नुसता ऐकतो, कधीच बोलत नाही. त्यामुळे कारखान्याच्या नेटवर्कवर तुम्ही जसे ‘हे नवीन काय आलं?’ म्हणून शोधत बसता, तसं इथे करावं लागत नाही. इथे नवीन काही यायलाच नको. शोधायचं ते गैरहजरांना.

त्यातली एक खोच मला अजून आवडते. एखाद्या उपकरणाकडे आलेला संदेश वाटेत बिघडला, समजा पॅरिटी (चूक पकडायला जोडलेला जादा बिट) जुळली नाही, तर ते ‘चुकीचं आलं’ असं ओरडत नाही. मनात खूण करून गप्प बसतं. कंट्रोलर थोडा वेळ वाट पाहतो आणि पुन्हा विचारतो, बरेचदा जोडीच्या दुसऱ्या तारेवरून. बस दुहेरी असते ती त्यासाठीच. मॉनिटरच्या पडद्यावर वेळ, पत्ता (म्हणजे उपकरणाचा नंबर), शब्दसंख्या अशा रांगा भराभर सरकत असतात आणि मध्येच एका ओळीवर ‘नो रिस्पॉन्स’. एकाच पत्त्यावर वारंवार आलं तर संशय त्या उपकरणावर. पत्ते बदलत राहिले तर मी आधी तारेची टोकं बघायचे. टोकाचा टर्मिनेटर (संदेश तिथेच जिरवणारा रोध) ढिला झाला की संदेश आपटून परत येतात आणि अख्खी बस बरळायला लागते. सॉफ्टवेअरवाले मात्र आपल्या कोडची पानं उलटत बसायचे!

आता ‘कोण करतं?’ हा मूळ प्रश्न. पहिली दखल स्थानकातले संगणकच घेतात. कोणी उत्तर देईनासं झालं की वर नियंत्रण संगणकाकडे कळतं, इशारा वाजतो आणि गरज पडल्यास राखीव संगणक ताबा घेतो. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात या कामाची वेगळी खुर्ची आहे, तिला ‘क्रोनस’ म्हणतात. लॅपटॉपचं नेटवर्क ‘प्लूटो’ या खुर्चीकडे. बसवरचा शब्दन्‌शब्द खाली पाठवणं मात्र शक्य नाही. एस-बँड या रेडिओ लहरींवरून खाली यायला सेकंदाला १९२ किलोबिटचीच वाट, आणि स्थानकात अशा बस कितीतरी. खाली येतात ते निवडक आकडे.

राखीव ठेवूनही भागत नाही, असंही झालंय. एप्रिल २००१मध्ये एंडेव्हर यान जोडलेलं असताना स्थानकाचे तिन्ही मुख्य नियंत्रण संगणक एकामागून एक ढासळले. दुखणं हार्ड डिस्कचं होतं. तेव्हा स्थानकाशी बोलणं एंडेव्हरमार्फत करावं लागलं.

नासाच्या नव्या ओरायन यानात टाइम-ट्रिगर्ड इथरनेट आहे : एकाच तारेवर महत्त्वाची आणि बिनमहत्त्वाची वाहतूक, महत्त्वाचीला ठरलेल्या क्षणी राखीव वाट. वजन वाचतं, तारा कमी होतात. पण २०२२मध्ये मिशिगन विद्यापीठ, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि नासाच्या संशोधकांनी दाखवलं की तारेत विद्युतचुंबकीय गोंधळ घुसवून स्विचकडून (तारा एकत्र येतात त्या पेटीकडून) खोटे वेळ-संदेश पाठवून घेता येतात. चाचणीतलं नकली ओरायन त्यामुळे जोडणीची वाट सोडून भरकटलं. उपायांमध्ये त्यांनी फायबर ऑप्टिक तारही सुचवली. मला विचाराल तर आहाराच्या नोंदी आणि सुकाणू एका तारेवर आणायला माझा जीव होत नाही, पण मी जुन्या वळणाची बाई आहे.

प्रश्न : अंतराळवीरांना यूट्यूब दिसतं का? तिथलं नेट किती फास्ट असतं?
– इयत्ता नववी, रत्नागिरी

उत्तर : दिसतं, पण द्राविडी प्राणायाम करून. जानेवारी २०१०मध्ये ही सोय झाली आणि टी. जे. क्रीमर यांनी अंतराळातून पहिलं थेट ट्वीट केलं. ब्राउझर चालतो जमिनीवरच्या संगणकावर. वर लॅपटॉपवर त्याचा फक्त पडदा दिसतो. घाण आली तर ती खालीच अडते. स्थानकाचा सिग्नल आधी ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे जातो आणि मग जमिनीवर येतो, म्हणून क्लिक केल्यावर थांबावं लागतं. २०१९मध्ये सेकंदाला ६०० मेगाबिटपर्यंत मजल गेली, पण त्यातलं बरंचसं प्रयोगांच्या माहितीला आणि व्हिडिओला लागतं. उपग्रह नजरेआड झाला की नेटही जातं, त्यामुळे घरी फोन करायचा तर आधी वेळापत्रक बघायचं.