हार्ट अटॅक आला, पण गुठळी महाधमनीत

प्रश्न : माझा धाकटा दीर, वय 43. रोज एक पाकीट सिगारेट. डायबिटीस, बीपी नाही. मागच्या महिन्यात लोकलमधून उतरताना छातीत जोराची कळ आली. ईसीजीत हार्ट अटॅक निघाला, पण अँजिओग्राफीत ब्लॉकेज नव्हते. डाव्या धमनीच्या शेवटच्या टोकाला एक गुठळी अडकली होती. नंतर सीटीत महाधमनीतही गुठळी दिसली. स्टेंट घातला नाही. आता वॉर्फरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) चालू आहे. हे कसं झालं, आणि आम्ही काय सांभाळायचं? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही कोरोनरी धमन्या तिच्या अगदी बुडाशी, झडपेच्या जरा वर फुटतात. हृदय सैल पडताना रक्त झडपेच्या दिशेनं मागे दाबलं जातं आणि त्याच वेळी कोरोनरी भरतात. त्यामुळे वरच्या भागातल्या गुठळीचा तुकडा सुटला, तर तो कोरोनरीत शिरू शकतो. कधी गुठळीच हलत हलत धमनीच्या तोंडावर येऊन बसते.

एरवी महाधमनीत रक्त इतक्या वेगानं धावतं की गुठळी धरतच नाही. ती धरते अस्तराला इजा असेल तर, म्हणजे चरबीचा थर फुटलेला असेल किंवा फुगवटा आलेला असेल. नाहीतर रक्तच जास्त गोठणारं असेल तर. सिगारेट दोन्हीकडून घात करते. धमनी अरुंदच नसेल तिथे स्टेंटचं काम नसतं, त्यामुळे तो न घालण्याचा निर्णय योग्य वाटतो.

आता कारण शोधायला हवं. प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन (ही तिन्ही शरीरातली गुठळी रोखणारी प्रथिनं), अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज (यांनी रक्त जास्त गोठतं) आणि लपलेला कॅन्सर यांचा विचार होतो. इथे वेळ चुकली की रिपोर्ट फसवतात. वॉर्फरिनमुळे प्रोटीन सी आणि एस कमीच येतात, हेपरिन या गुठळीविरोधी इंजेक्शनमुळे अँटिथ्रॉम्बिन. ल्युपस अँटिकोआग्युलंट या अँटिफॉस्फोलिपिडच्याच एका प्रकाराची तपासणीही या औषधांवर असताना चुकू शकते. अँटिफॉस्फोलिपिडची तपासणी एकदा पॉझिटिव्ह आली म्हणून आजार ठरत नाही. किमान 12 आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते. हा आजार ठरला, तर गोळी बहुधा जन्मभर, आणि तीही वॉर्फरिनच. सोयीची म्हणून रिव्हरॉक्सॅबॅनसारखी नवी गोळी परस्पर बदलून घेऊ नका. या आजारात ती कमी पडते.

आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) बहुतेकांचा 2 ते 3 मध्ये ठेवतात. सुरुवातीला तपासणी वारंवार, स्थिरावला की महिन्याला. गोळी रोज ठरल्या वेळी. विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन मिळून कधीच नाही. मेथी, पालक सोडायचे नाहीत, फक्त आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवायचं. अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक चालणार नाहीत.

पावसाळ्याची काळजी मुंबईकरांनी वेगळी घ्यावी. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोस्पायरोसिस टाळायला डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात. त्यानं आयएनआर वाढू शकतो. म्हणून ती घेताना वॉर्फरिन चालू असल्याचं सांगा आणि तीन-चार दिवसांत आयएनआर करून घ्या. ताप आला तर सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) त्याच दिवशी. डेंग्यूत प्लेटलेट उतरल्या आणि वॉर्फरिन तसंच चालू राहिलं, तर रक्तस्राव जिवावर बेततो. मात्र गोळी थांबवायची की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

साधारण तीन महिन्यांनी ईसीजी-गेटेड सीटी (हृदयाच्या ठोक्याशी जुळवून घेतलेला) पुन्हा होईल, कारण साध्या सीटीत महाधमनीच्या ठोक्यामुळे खोटी सावली दिसू शकते. सीटीसाठी शिरेतून डाय देण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) तपासून घ्या. बारीक देठावर झुलणारी गुठळी असेल, किंवा औषध चालू असूनही तुकडे सुटत असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. अचानक पाय थंड-निळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, पोटात किंवा कुशीत असह्य कळ येणं: यातलं काहीही दिसलं तर 108.

प्रश्न : अशी गुठळी आधीच कळावी म्हणून दरवर्षी सीटी करावा का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : नको. तक्रार नसताना रेडिएशन आणि डायचा धोकाच पदरी पडतो. ज्यांना ठोस कारणाशिवाय हात, पाय, मेंदू किंवा मूत्रपिंडाच्या धमनीत गुठळी अडकली आहे, त्यांनी मात्र महाधमनी पाहिली का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.