मोठा आवाज घरी ठेवून जा

प्रिय मुली,

परवा क्लास सुटल्यावर जिन्यात तू सांगितलंस, दक्षिण सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या आपल्या जवानांपुढे गायला निवड झाली म्हणून. मला तेव्हा नीट बोलताच आलं नाही, नुसता तुझा हात धरून उभी राहिले. नौपाड्यात घरी पोचेपर्यंत शब्द जुळत गेले, ते लिहून पाठवते.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी गाणाऱ्या व्हेरा लिनची एक रेकॉर्ड मी तुला ऐकवली होती. लंडनच्या प्लंबरची मुलगी, 1917चा जन्म. रीतसर शिक्षण नाही, आवाज ढाला, गाणी खालच्या पट्टीत उतरवून घ्यायची. बीबीसीवर तिचा कार्यक्रम लागायचा. बायका बाळंत झाल्या की ही इस्पितळात जाऊन त्यांना भेटायची आणि दूर लढणाऱ्या नवऱ्यांना रेडिओवरून निरोप द्यायची. तरी बड्या लोकांची तक्रार होतीच, की असली हळवी गाणी ऐकून सैनिक मऊ पडतील.

1944 मध्ये, जेमतेम 27 वर्षांची असताना, ती ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली. जिथे कोणी कलावंत जात नाहीत तिथेच मला पाठवा, असं तिनं स्वतः मागून घेतलं होतं. इजिप्त, मग आपला देश, तिथून आराकानचं जंगल. समोर ब्रिटिशांची चौदावी सेना, जिला लोक 'विसरलेली सेना' म्हणत. त्या सेनेत बहुसंख्य शिपाई आपलेच होते, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. ट्रकच्या मागे छोटा पियानो, उकाड्यानं आणि खड्ड्यांनी त्याचे सूर हलायचे. त्याच सुरांवर ती कधी हजारोंपुढे गायची, कधी तंबूतल्या दोनचार जखमींपुढे.

तू जाशील तेव्हा तुझी पेटीही हलणार. धूळ जाईल, एखादा सूर अडकेल. तोंड वाकडं करू नकोस, तानपुऱ्याच्या ॲपवर गा.

आता माझं सांगते. तुझ्याएवढी असताना एका लष्करी इस्पितळात आमचा कार्यक्रम होता. वॉर्डात एका कोपऱ्यात साताऱ्याकडचा एक मुलगा होता, मांडीपासून खाली पांघरूण सपाट. मी भावगीत म्हटलं, ताना घेतल्या, शेवटची तान तर फारच सुरेख आली होती. तो म्हणाला, "ताई, आमची आई जात्यावर म्हणायची तसलं काय येतं का?" मला दोन ओळींपुढे ओवी येत नव्हती. त्यानं मान भिंतीकडे वळवली. ते पांघरूण अजून डोळ्यांपुढे येतं. त्या दिवशी मी माझा गळा दाखवायला गेले होते, आणि त्याला गळा नकोच होता.

म्हणून जाण्याआधी चार ओव्या पाठ कर. तुझी आजी सांगेल, रेकॉर्डरवर घे. एक अंगाई, एक अभंग. तुकडीत गढवाली, तमिळ, पंजाबी मुलंही असतील. त्यांच्या भाषेतली एकेक ओळ त्यांच्याकडूनच शिकून घे, चुकलीस तरी चालेल, त्यांनाच सुधारू दे. गाण्याआधी नाव आणि गाव विचार. फर्माईश आली की तुझी यादी बाजूला ठेव. एखादा रडला तर गाणं तोडू नकोस आणि त्याच्याकडे बघतही राहू नकोस. उन्हात पाणी घोटघोट पी, रात्री गप्पांत घसा घालवू नकोस.

निघण्याआधीच्या रविवारी सकाळी सातला तलावपाळीला ये, कौपीनेश्वराकडच्या काठावर. पेटी नको, माईक नको. तू बसून ओवी म्हण, मी वीस पावलांवर उभी राहीन. रिक्षांच्या आवाजातून शब्द माझ्यापर्यंत यायला हवेत, आणि तू ओरडायचं मात्र नाहीस.

तुझी,
ताई