नव्या इमारतींची साइट की दुरुस्तीचं दुकान?

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलाने बडोद्यात गोरव्याच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा २ वर्षांचा कोर्स पुरा केला, आता त्याला दोन ठिकाणांहून बोलावणं आहे, असं तुम्ही लिहिलंय. एक, वाघोडिया रोडवर नव्या फ्लॅट्सचं वायरिंग करणारा कॉन्ट्रॅक्टर, पगार बरा. दुसरं, रावपुऱ्यातलं घरगुती दुरुस्तीचं दुकान, पगार कमी. कुठे पाठवू, हा तुमचा प्रश्न.

माझं मत दुकानाकडे झुकतं. साइटवर नवा मुलगा बराच काळ भिंतीला झिरी मारतो, पाइप टाकतो, वायरी ओढतो. त्याने हात बसतो, पण बिघाड शोधायला शिकत नाही. घरोघरच्या कामात पैसा त्या शोधण्याचाच मिळतो.

पावसाळ्यातली नेहमीची तक्रार घ्या. आरसीसीबी, म्हणजे वीज अर्थिंगकडे गळली की सप्लाय तोडणारा स्विच, सारखी पडते, आपोआप बंद होते. नवखा सगळ्या एमसीबी (प्रत्येक लाइनचे, करंट जास्त झाला की पडणारे स्विच) खाली करतो, तरी ती टिकत नाही. मग 'आरसीसीबीच गेली' म्हणून नवी बसवतो, आणि तीही पडते. कारण घरातली साधी एकपोली एमसीबी फक्त फेज (वीज आणणारी तार) तोडते, न्यूट्रल (परतीची तार) जोडलेलाच राहतो. गॅलरीतल्या दिव्याच्या डबीत पाणी शिरून न्यूट्रल अर्थिंगला टेकला असेल, तर सगळ्या एमसीबी बंद असूनही आरसीसीबी पडू शकते. जाणता माणूस मेन बंद करतो, सप्लाय नाही हे मीटरने तपासतो, उपकरणांचे प्लग काढतो, न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक तार सुटी करून ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे तारेचं इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने, अर्थिंगशी मोजतो. जी लाइन १ मेगओहमच्या खाली येते, तिच्यात दोष. हे पुस्तकात वाचून येत नाही, शेजारी उभं राहूनच येतं.

म्हणून माझी एकच अट: पहिले सहा महिने त्याला एकट्याला कुठल्याही घरी पाठवायचं नाही. मालकाशी बोलताना हे स्पष्ट ठरवून घ्या. अपघात विमा, रबरी हातमोजे आणि गाडीचं पेट्रोल कोण देणार, तेही तेव्हाच विचारा.

दुकान चांगलं आहे का, हे ओळखायला मुलाने मालकाला एक प्रश्न विचारावा: "गीझरची १६ अँपियरची एमसीबी सारखी पडते, ३२ची घालू का?" 'घाल' असं उत्तर आलं, तर तिथे पाठवू नका. २००० वॉटचा गीझर जेमतेम ९ अँपियर घेतो. १६ची पडते म्हणजे पाणी तापवणारं एलिमेंट आतून अर्थिंगला टेकलंय, स्क्रू सैल होऊन तापतोय किंवा एमसीबीच थकलीय. मोठी घातली की एमसीबी शांत बसते आणि आतली वायर तापते. आग अशीच लागते. "आधी गीझर सुटा करून बघ" म्हणणारा मालक मुलाला घडवेल.

एका परिस्थितीत मात्र मी साइट निवडेन: कॉन्ट्रॅक्टर रीतसर नोंदणी करून अप्रेंटिसशिप देत असेल आणि शेवटी राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळणार असेल तर. ते प्रमाणपत्र पुढे कारखान्याच्या नोकरीतही कामी येतं. नुसता हेल्पर म्हणून ठेवत असेल, तर थोड्या जास्त पगारासाठी ही वर्षं घालवू नका.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच: आयटीआयचं प्रमाणपत्र हातात आलं की त्याला वायरमन परमिटचा (वायरिंगचं काम करण्याच्या सरकारी परवान्याचा) अर्ज लगेच भरायला लावा.