विषाणूच्या आजारात अँटिबायोटिक: सगळ्यांना का नाही, आणि काहींना का हवंच

तुम्ही विचारलंय की १९१८ च्या फ्लूच्या साथीत बरीच माणसं जिवाणूंच्या न्यूमोनियाने गेली असतील, तर कोविडमध्ये पहिल्या दिवसापासून सरसकट अँटिबायोटिक द्यायला काय हरकत होती? बरीच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९१८ बद्दल तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. त्या साथीतल्या मृतांच्या फुफ्फुसांचे जपून ठेवलेले नमुने तपासून २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक नमुन्यांत जिवाणूंच्या न्यूमोनियाच्या खुणा होत्या. न्यूमोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, स्टॅफिलोकॉकस हे जिवाणू एरवीही अनेकांच्या नाका-घशात काही त्रास न देता राहतात. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेचं अस्तर सोलवटून टाकतो, त्यामुळे कफ वर ढकलण्याची यंत्रणाच बंद पडते आणि जिवाणूंना चिकटायला उघडी जागा मिळते. त्यात विषाणूशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं, त्यांच्यामुळे फुफ्फुसातल्या जिवाणू गिळणाऱ्या पेशी काही दिवस मंदावतात. म्हणूनच रुग्णाला उतार पडतो, घरचे निश्चिंत होतात, आणि आठवड्याभरात पुन्हा थंडी वाजून ताप चढतो, बेडका पिवळट किंवा तांबूस होतो. हा दुसरा ताप कधीही अंगावर काढू नका. १९१८ मध्ये पेनिसिलिन नव्हतं. आज वेळेवर ओळखलं तर यातले बरेच रुग्ण वाचतात.

कोविडमध्ये मात्र चित्र वेगळं निघालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मांडलेल्या आकडेवारीनुसार दाखल रुग्णांपैकी फक्त ८ टक्क्यांना अँटिबायोटिक लागावं असा जिवाणूसंसर्ग होता, आणि ते दिलं गेलं सुमारे ७५ टक्क्यांना. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत दाखल रुग्णांना अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक देऊन पाहिलं, त्याने मृत्यू कमी झाले नाहीत.

'दिलं तर बिघडलं काय' हे मला पटत नाही. व्हेंटिलेटरची नळी आणि शिरेतला कॅथेटर यांच्यामार्गे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जो संसर्ग होतो, त्यात आम्हाला कल्चरमध्ये (नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) क्लेब्सिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनस हे जिवाणू दिसतात. आधीच्या अँटिबायोटिकने साधे जिवाणू मारून या चिवट मंडळींना रान मोकळं करून दिलेलं असतं. मग जिवाणू वाढवायच्या प्लेटवर एकामागून एक औषध लावलेल्या चकतीभोवती जिवाणू थेट कडेपर्यंत वाढलेले दिसतात, आणि रिपोर्टमध्ये 'रेझिस्टंट', म्हणजे औषधाला न जुमानणारे, असं लिहिण्यापलीकडे आमच्या हाती काही उरत नाही. अमेरिकेत २०२० या एकाच वर्षात रुग्णालयात होणारे औषधरोधी संसर्ग आणि त्यांचे मृत्यू, दोन्ही किमान १५ टक्क्यांनी वाढले.

आता प्रश्न उरतो ओळखायचं कसं याचा. नुसता सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारी तपासणी) वाढला म्हणजे जिवाणू असं नाही, विषाणूच्या दाहानेही तो वाढतो. प्रोकॅल्सिटोनिन (जिवाणूसंसर्गात सहसा वाढणारा रक्तातला घटक) कमी असेल तर अँटिबायोटिक न देता थांबायला थोडा आधार मिळतो, पण एकट्या त्यावरही निर्णय घेत नाहीत. सगळ्यात उपयोगी असतो खोल खोकून काढलेला बेडका, आणि तोही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घेतलेला. आमच्याकडे निम्म्या डब्यांत नुसती थुंकी येते. सूक्ष्मदर्शकाखाली गालाच्या आतल्या चपट्या पेशी भरपूर दिसल्या की तो नमुना आम्ही परत पाठवतो. चांगल्या नमुन्यात पू-पेशींची गर्दी असते आणि त्यात जोडीजोडीने बसलेले जांभळे न्यूमोकॉकस दिसतात. तासाभरात डॉक्टरांना दिशा मिळते.

रुग्ण अत्यवस्थ असेल तर रिपोर्टची वाट पाहत बसत नाहीत. रक्ताचं आणि बेडक्याचं कल्चर पाठवून औषध लगेच सुरू करतात, आणि ते योग्यच आहे. पण ४८ ते ७२ तासांनी 'कल्चरमध्ये काय आलं, हे औषध चालू ठेवायचं की बंद करायचं?' हे डॉक्टरांना जरूर विचारा. रुग्णाला स्टेरॉइड चालू असतील तर ताप दबलेला राहू शकतो, तेव्हा ताप नाही म्हणून गाफील राहू नका. ऑक्सिजनची गरज पुन्हा वाढणं, धाप, नव्याने येणारी गुंगी यांच्याकडे लक्ष ठेवा.