आधी जागा, झेप नंतर

बाळा,

रविवारी फुटबॉलची मॅच संपल्यावर तू गोलपोस्टला पाठ टेकून बसलास आणि विचारलंस, "काका, मीपण झेपा मारायला लागू का? पेठेतली पोरं म्हणतात, तू नुसता उभा असतोस." तेव्हा मी काही बोललो नाही. रात्री जेवण गेलं नाही, म्हणून लिहितोय.

नुसता उभा नव्हतास तू. त्यांच्या सेंटर फॉरवर्डच्या तीन किका सरळ तुझ्या छातीवर आल्या. त्या आपोआप आल्या का? पहिल्या वेळी तू दोन पावलं पुढं आलास, अर्धं पाऊल डावीकडं सरकलास आणि त्याला मारायला दुसरी जागाच ठेवली नाहीस. अशा वेळी टाळ्या पडत नाहीत. नाही पडणार. आधी जागा, झेप नंतर.

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा गोलकीपर हाइनर श्टूलफाउथ, जन्म १८९६. डोक्यावर चपटी टोपी, अंगात स्वेटर, समोर पावसानं जड होणारा शिवणीचा कातडी बॉल. १९२०, १९२१, १९२४, १९२५ आणि १९२७ अशी पाच वेळा त्याच्या क्लबनं जर्मनीच्या राष्ट्रीय स्पर्धेची फायनल जिंकली. त्या पाचही फायनलमध्ये त्यानं एकही गोल खाल्ला नाही. पाच फायनल, शून्य गोल! आणि याच माणसाच्या नावावर सांगतात की चांगला गोलकीपर झेपावतच नाही. तो आधीच तिथं असायचा. गरज पडली तर पेनल्टी बॉक्स सोडून पुढं यायचा आणि पायानं बॉल काढायचा. त्या काळी!

गोल त्यालाही बसले. १९२२ ची हाम्बुर्गविरुद्धची फायनल १८९ मिनिटं चालली आणि अंधार पडला म्हणून २-२ वर थांबवावी लागली. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये उरुग्वेनं चार घातले. पुढच्याच वर्षी तुरीनमध्ये जर्मनीनं इटलीला त्यांच्याच मैदानावर २-१ हरवलं, तेव्हा पोस्टमध्ये हाच होता. चार गोल खाल्ले म्हणून त्यानं आपली रीत बदलली नाही. तू एका रविवारच्या बोलण्यावर बदलायला निघालास?

मी बदललो होतो. मला झेपेची चटक लागली होती. हातात येणारा बॉलसुद्धा मी आडवा होऊन धरायचो, कारण गॅलरी उठून उभी राहायची. मग एका फायनलला मी उजवीकडं अंग टाकलं आणि बॉल मी सोडलेल्या जागेवरून, अगदी हळू, गडगडत आत गेला. ओली माती गालाला चिकटलेली, आणि मी पडल्या पडल्या त्याला रेषा ओलांडताना बघत होतो. खांदा त्याच दिवशी गेला. अजून शर्ट घालताना आधी उजवा हात बाहीत सारावा लागतो.

लोक म्हणतात, माझा खांदा गेला म्हणून मी पोरांना झेप शिकवत नाही. खोटं आहे. शिकवतो, पण दुसऱ्या वर्षी. आजचा बॉल हवेत वळतो, झेप लागतेच, हे मला कळतं. पण ज्याला उभं कुठं राहायचं ते कळत नाही, त्याची झेप म्हणजे चूक झाकायची चादर. याच हट्टापायी एका टीमनं मला नारळ दिला. वाईट वाटलं, अजून वाटतं. तरी माझं बरोबर होतं. पुन्हा विचारलंस तरी हेच सांगेन, आधी जागा.

आणि ते मोबाईलवर झेपांचे व्हिडिओ बघत रात्री जागणं बंद कर. झोप.

उद्या सकाळी सहाला ग्राउंडवर ये. चुना मी आणतो, तू सुतळी आण. दोन्ही पोस्टना बांधून बॉलपर्यंत ओढू. त्या दोन दोऱ्यांच्या मध्ये उभा राहा, एक पाऊल पुढं ये, आणि दोन्ही बाजूंना किती उरतं ते हात पसरून मोज. हातमोजे घरीच ठेव.

तुझा काका